मशीन चाळीस लाखांचं, मोजमाप आठशेत

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नवी शेड उभी राहिली की मालक आधी व्हीएमसी दाखवतात. मशीन कुठून आणलं, स्पिंडल किती आरपीएमचं, कर्ज कोणत्या बँकेचं, सगळं कौतुकानं सांगतात. कौतुक करावं अशीच ती गोष्ट असते. मग मी ऑपरेटरच्या टेबलाकडे वळते. तिथे जॉबशेजारी एक डिजिटल व्हर्निअर पडलेला असतो. ऑनलाइन मागवलेला, आठशे-हजाराचा, बॅटरीच्या झाकणाला सेलोटेप लावलेला. चाळीस लाखांच्या मशीननं कापलेलं बरोबर की चूक, हे या व्हर्निअरनं ठरवायचं. आणि चूक ठरलं की बोलणी खायची ऑपरेटरनं.

माझं सगळं आयुष्य क्वालिटीत गेलं. आधी एका मोठ्या कारखान्याच्या स्टँडर्ड रूममध्ये होते, आता लहान वर्कशॉपना इन्स्पेक्शनची घडी बसवून देते. सगळीकडे एक प्रश्न हमखास येतो: मॅडम, जपानी घेऊ की साधं चालेल? माझं उत्तर ठरलेलं आहे. ब्रँड राहू दे, आधी ड्रॉइंग काढा. किती पैसे घालायचे ते टॉलरन्स सांगतो. आणि पहिला पैसा व्हर्निअरवर किंवा मायक्रोमीटरवर घालू नका, तो स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यांवर घाला.

स्वस्त उपकरणाला नावं ठेवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ड्रॉइंगवर ज्या मापाला वेगळा टॉलरन्स लिहिलेला नसतो, तिथे बहुतेक वेळा आयएसओ 2768 चा मध्यम वर्ग लागू केलेला असतो. त्यात 30 ते 120 मिमीच्या मापाला तीन दशांश मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं. फॅब्रिकेशनला, कच्च्या मालाचा बार आला तर तो तपासायला, वेल्डिंगच्या आधी प्लेट मोजायला आठशेचा व्हर्निअर पुरून उरतो. पॅटर्न शॉपमध्येही तेच. ओतीव लोखंड थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्या कामाला मायक्रॉन मोजणारं उपकरण देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. अशा जागी व्हर्निअर पडतो, हरवतो, त्यात कूलंट जातं, आकडे आपोआप पळू लागतात. स्वस्त व्हर्निअर बंद ठेवला तरी आतून बॅटरी खात राहतो, म्हणून दर काही महिन्यांनी सेल बदलायचा. हे सगळं मान्य करून तो वापरायला काहीच हरकत नाही.

हरकत येते ती स्क्रीनवरच्या शेवटच्या आकड्यावर विश्वास ठेवायला लागलो की. स्क्रीन 0.01 दाखवते, म्हणून उपकरण 0.01 पर्यंत खरं बोलतं असं तरुण मुलांना वाटतं. दाखवणं आणि खरं असणं यात अंतर आहे. उत्तम जपानी कंपनीचा 150 मिमीचा डिजिटल व्हर्निअर घेतला, तरी ती कंपनी स्वतःच कॅटलॉगमध्ये सांगते की दोन शतांश इकडे किंवा तिकडे धरून चला. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. स्वस्त मालाच्या डबीवर कधी कधी तोच आकडा छापलेला असतो. फरक एवढाच की त्या आकड्यामागे कोणी उभं नसतं.

व्हर्निअरची एक मर्यादा पैशानं सुटत नाही. त्याची पट्टी एका रेषेत असते आणि जॉब जॉमध्ये, त्या रेषेपासून लांब. जर्मनीचे एर्न्स्ट आबे यांनी 1890 मध्येच हे तत्त्व मांडलं होतं: मोजायची लांबी आणि मोजणारी पट्टी एका रेषेत असावी, नाही तर सरकणारा भाग जरा कलला तरी माप चुकतं. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एकाच रेषेत येतात, व्हर्निअरमध्ये येत नाहीत. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर 25 मिमीचा स्लिप ब्लॉक घ्या. तो आधी जॉच्या मुळाशी धरा, मग टोकाशी धरून तेवढ्याच जोरानं दाबा. वापरून सैल झालेला व्हर्निअर मुळाशी 25.00 दाखवतो आणि टोकाशी 24.97. ब्लॉक तोच असतो, हातही तोच. सेटर मुलांना मी सगळ्यात आधी हे करायला लावते, आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता एका शेडमधली गोष्ट सांगते, कारण पैसा चुकीच्या जागी कसा जातो ते त्यातून कळेल. तिथे बेअरिंगची कास्ट आयर्न हाउसिंग बनत होती. बेअरिंग 6205, म्हणजे आतून 25 आणि बाहेरून 52 मिमी. ड्रॉइंगवर बोअर 52 एच 7, म्हणजे 52.000 पेक्षा लहान नको आणि 52.030 पेक्षा मोठं नको. बेअरिंग सैल बसतंय म्हणून लॉट परत आला. मालकांनी दोष स्वस्त व्हर्निअरला दिला आणि काही हजार खर्चून जपानी व्हर्निअर आणला. पुढचा लॉटही परत आला. मग दोष ऑपरेटरवर गेला आणि रिजेक्शनचे पैसे त्याच्या पगारातून कापायची भाषा सुरू झाली.

तीस मायक्रॉनचा टॉलरन्स आणि चाळीस मायक्रॉनच्या पट्ट्यात फिरणारं उपकरण. हिशेब इथेच संपतो. पण खरी अडचण त्याहून पुढे होती. आम्ही 52 ची सेटिंग रिंग आणली आणि मध्यम किमतीच्या बोअर गेजला पुण्याच्या बेकरचा एक मायक्रॉनचा डायल लावला. रिंगमध्ये गेज घालून काटा शून्यावर आणला. मग तो हाउसिंगमध्ये घालून हळूहळू डोलवायचा. काटा पुढे जातो आणि एका ठिकाणाहून मागे फिरतो. जिथून फिरतो ते बोअरचं माप. उभं माप 52.012 आलं, आडवं 52.041. बोअर गोल नव्हतंच, लंबगोल होतं. क्लॅम्पनं हाउसिंगची पातळ भिंत दाबली जात होती. दाबलेल्या अवस्थेत टूल गोलच कापत होतं, आणि क्लॅम्प सोडला की भिंत परत पसरत होती.

"मॅडम, मी पहिल्यापासून सांगतोय, मशीनवर असताना माप बरोबर येतं," ऑपरेटर म्हणाला. तो खरंच पहिल्यापासून सांगत होता. त्याचं खरं की खोटं, ते ठरवता येईल असं काहीच त्याच्या टेबलावर ठेवलेलं नव्हतं. क्लॅम्पची जागा बदलली, शेवटच्या कटला दाब कमी केला, आणि काम मार्गी लागलं. पगार कापायचा विषय मी तिथेच मालकांकडून बंद करून घेतला. त्या व्हर्निअरचे पैसे रिंगमध्ये घातले असते तर पहिल्याच लॉटला हे कळलं असतं. बोअर गेज स्वतः पूर्ण माप मोजत नाही, तो रिंगशी तुलना करतो. त्यामुळे गेज मध्यम चालतो, पण रिंग अव्वल लागते.

मायक्रोमीटरची बाब निराळी आहे, आणि तिथे मी हात आखडू देत नाही. मितुतोयो ही कंपनी 1934 मध्ये जपानमध्ये सुरू झाली तीच मायक्रोमीटर बनवायला. त्यांचा 25 मिमीपर्यंतचा साधा थिंबलवाला मायक्रोमीटर दोन मायक्रॉनच्या आत राहतो, आणि त्यासाठी मोजावे लागणारे काही हजार एका चांगल्या इन्सर्टच्या डबीच्या आसपास जातात. स्वस्त मायक्रोमीटर पहिल्या दिवशी कित्येकदा चांगला निघतो, हे मी तपासूनच सांगते. पण दहा घेतले तर दहाही सारखे निघत नाहीत, आणि वर्षभर शिफ्टमध्ये फिरल्यावर रॅचेटचा दाब बदलतो, स्क्रूत ढिलाई येते. 25 एमएमची शाफ्ट, के 6 फिट, टॉलरन्सची सगळी रुंदी तेरा मायक्रॉन. तिथे उपकरणानंच पाच-सात मायक्रॉन खाल्ले तर ऑपरेटरच्या वाट्याला काय उरतं? सुझोऊच्या इन्साइझसारख्या मधल्या किमतीच्या कंपन्यांचा मालही बऱ्याच शेडना पुरेसा आहे, फक्त तपासून घ्यायला हवा. आणि जपानी नावाची नकली डबी बाजारात मिळते हे विसरू नका. अर्ध्या किमतीत मितुतोयो देतो म्हणणाऱ्या दुकानातून तसंच बाहेर पडा.

स्वस्त मायक्रोमीटरची लबाडी अशी की तो शून्यावर खरा असतो, 25 वरही खरा असतो, आणि मधेच कुठेतरी घसरतो. तो पकडायला दहा स्लिप ब्लॉकचा एक संच मिळतो: 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9, 15, 17.6, 20.2, 22.8 आणि 25. आकडे असे तिरपागडे का? थिंबलचा एक फेरा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पाच, दहा, पंधरा असे ब्लॉक घेतले तर थिंबल दर वेळी एकाच खुणेवर येऊन थांबणार. 5.1 आणि 7.7 ला तो फेऱ्याच्या वेगवेगळ्या जागी थांबतो, म्हणून फेऱ्याच्या आत लपलेली चूक बाहेर येते. हे सुचलेल्या माणसाचं मला अजून कौतुक वाटतं.

स्लिप गेजचा जन्म स्वीडनच्या एका बंदुकीच्या कारखान्यातला. तिथल्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांना 1901 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. दोन ब्लॉक स्वच्छ पुसून एकमेकांवर सरकवले की चिकटतात, ना चुंबक लागतं ना गोंद. पहिल्या ग्रेडच्या 25 मिमीच्या ब्लॉकमध्ये चूक असली तर ती मायक्रॉनच्या तीन दशांशांच्या आत. शेडमधलं दुसरं कुठलंही उपकरण इतकं खरं नसतं. असा एक संच घरात असला की आठशेचा व्हर्निअर कुठवर खरा आणि कुठून खोटा, हे रोज सकाळी पाच मिनिटांत कळतं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. संच घेतला, पण शेडमध्ये पत्र्याखाली अडतीस अंश. मापं तर 20 अंशांची धरलेली असतात. जगानं 1931 पासून हेच तापमान ठरवलं आहे. जॉब पोलादी आणि उपकरणही पोलादी असलं तर दोन्ही बरोबरीनं वाढतात, फार बिघडत नाही. पण ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट पसरतं. 100 मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब अडतीस अंशांना पोलादी मायक्रोमीटरवर वीस मायक्रॉन जास्त दाखवणार, मायक्रोमीटर जगातला सगळ्यात महाग असला तरीही. मशीनवरून उतरलेला गरम जॉब तर आणखी जास्त. म्हणून मी मालकांना सांगते, आणखी एक महागडं उपकरण घेण्याआधी एक लहान खोली एसीची करा, जॉब तिथे थंड होऊ द्या, मग मोजा.

खर्चाचा आणखी एक कोपरा कोणी बघत नाही. कॅलिब्रेशनची फी स्वस्त-महाग बघत नाही. एनएबीएलची मान्यता असलेली लॅब आठशेच्या व्हर्निअरलाही तेवढेच पैसे लावते आणि आठ हजाराच्याही. काही वर्षांत स्वस्त व्हर्निअरचं कॅलिब्रेशन त्याच्या किमतीला मागे टाकतं. मग पुष्कळ जण कॅलिब्रेशनच करत नाहीत, आणि डबीतल्या कागदावर भागवतात. त्या कागदाचा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाणाऱ्या साखळीशी काही संबंध नसतो. ग्राहकाच्या ऑडिटला तो चालला तरी बोअरला चालत नाही.

स्लिप गेजचा मोठा संच एकट्या दहा माणसांच्या शेडला जड जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक औद्योगिक वसाहतीत उद्योजक संघटनेनं एक खोली चालवावी असं मी गेली कित्येक वर्षं बैठकांमध्ये मांडते आहे. तिथे एसी, ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, पहिल्या ग्रेडचा पूर्ण संच, वेगवेगळ्या सेटिंग रिंग आणि सांभाळणारं एक जबाबदार माणूस. वर्गणी काढून हे सहज होतं. शेजारच्या आयटीआयची मुलं आठवड्यातून एकदा तिथे यावीत. व्हर्निअरचा लीस्ट काउंट त्यांना तोंडपाठ असतो, पण दोन ब्लॉक चिकटवून मागितलेलं माप उभं करणं फार थोड्यांनी केलेलं असतं.

तोवर निदान एवढं करा. उद्यमनगरात उपकरण घ्यायला जाताना 25 चा एक ब्लॉक खिशात ठेवा. काउंटरवर व्हर्निअर उघडा, जॉ मिटवून ट्यूबलाइटसमोर धरा आणि मधून उजेड येतो का बघा. मग ब्लॉक मुळाशी मोजा, टोकाशी मोजा. मोजू देतो तो दुकानदार चांगला; त्याच्याकडून आठशेचाही घ्या. आणि जाताना एकटे जाऊ नका, ज्याच्या हातात तो रोज असणार आहे त्या ऑपरेटरला बरोबर न्या.