राजा जातो, घराणं राहतं

इजिप्तमधली राजेशाही १९५२मध्ये कोसळली, इराकमधली १९५८मध्ये, लिबियातली १९६९मध्ये. आखातातली मात्र टिकली. ती तेलामुळे, असं आपण सहज म्हणतो. पण तेल इराक आणि लिबियातही होतंच. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायकेल हर्ब यांनी १९९९च्या ‘ऑल इन द फॅमिली’मध्ये वेगळं उत्तर दिलं : आखातात महत्त्वाची खाती भाऊ-पुतण्यांतच वाटलेली असतात, म्हणून राजा बदलला तरी घराणं हलत नाही. पुढे कुवेतच्या संसदेच्या आणि निवडणुकांच्या नोंदी त्यांनी चिकाटीने जमवल्या. हे काम मला ग्रंथांइतकंच मोलाचं वाटतं. कारण मे २०२४मध्ये अमीरांनी ती संसदच बरखास्त केली. आपली कितीतरी माणसं आखातात राबतात, म्हणून या अंकाचा मुख्य लेख हर्ब यांच्या अभ्यासावर आहे.