सभासदाचा हिस्सा आणि सभासदाची वाणी

भाद्रपद सरत आला, केडगावच्या रेणुकामातेच्या देवळाभोवती नवरात्रातील दुकानांच्या जागा आखल्या जाऊ लागल्या, की आमच्या नगर जिल्ह्यातील वृत्तपत्रांत एक ठरावीक वाक्य रोज वाचावयास मिळते: अमुक संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. मार्चअखेर वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत ही सभा घेण्याचे कायद्याचे बंधन असल्यामुळे पतसंस्था, सेवा सोसायट्या, बँका आणि साखर कारखाने या सर्वांची धांदल सप्टेंबरच्या उत्तरार्धात एकदमच उडते, हे समजण्यासारखे आहे. समजत नाही ती ही खेळीमेळी. जिथे हजारो माणसांच्या पैशाचा हिशेब अर्ध्या तासात उरकतो आणि कोणालाही काही विचारावेसे वाटत नाही, तिथे एक तर सारेच संत असले पाहिजेत किंवा सारेच गप्प बसविलेले असले पाहिजेत. आणि आपल्या मुलखात संतांची संख्या अलीकडे इतकी वाढल्याचे निदान माझ्या तरी कानावर आलेले नाही.

ज्या पतसंस्थेचा मी पुष्कळ वर्षांचा सभासद आहे, तिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण तिच्या सभेचे वर्णन वाचून वाचकाला आपल्याच संस्थेची आठवण होईल. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, ती अर्ध्या तासाने त्याच मांडवात, तितक्याच माणसांनिशी पुन्हा सुरू झाली, आणि व्यवस्थापकांनी विषय क्रमांक एक उच्चारताच, विषय काय हे कळण्यापूर्वीच, पुढच्या दोन रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर उठला. चौथ्या विषयाच्या वेळी एक सेवानिवृत्त गुरुजी अहवाल हातात धरून उभे राहिले आणि थकीत कर्जांसाठीची तरतूद एका वर्षात दुपटीवर कशी गेली, एवढेच त्यांनी विचारले. “गुरुजी, ते आपण नंतर ऑफिसात निवांत बसून बोलू,” असे हसतमुखाने सांगून कोणीतरी त्यांच्या हातातील माइक काढून घेतला. पुढच्या वर्षीच्या इतिवृत्तात त्या विषयापुढे ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ असे नमूद झालेले मी स्वतः वाचले. त्या वेळी मी काय केले, हेही कबूल केले पाहिजे. मी भेटीचा स्टीलचा डबा घेतला आणि घरी आलो.

हे सारे ज्या जिल्ह्यात घडते, त्या जिल्ह्याचा पूर्वेतिहास ध्यानी घेतला म्हणजे खेद अधिक होतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध जो उठाव झाला, तो पाहता पाहता नगर जिल्ह्यात पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि दस्तऐवज, ज्यांवर त्यांनी किंवा त्यांच्या बापांनी, आत काय लिहिले आहे हे न वाचता, न समजता, अंगठे उठविले होते. सावकारी पाशावर उतारा म्हणून १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाला अध्यक्षस्थानी बसवून, लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा केला. हरेगावच्या बेलापूर कंपनीचे धुराडे ज्याने दुरूनच पाहिले होते, तो शेतकरी आता धुराड्याचा मालक झाला. न वाचता अंगठा उठविणाऱ्या कुळाचे रूपांतर वाचून सही करणाऱ्या भागधारकात व्हावे, हाच त्या सर्व खटाटोपाचा मथितार्थ होता. आज न वाचलेल्या अहवालावर आपण हात वर करतो, तेव्हा त्या अंगठ्याहून आपण कितीसे पुढे आलो?

सहकारी संस्थेतील भाग आणि कंपनीचा शेअर यांत जो भेद आहे, तो आपल्याकडे नीट समजावून सांगितला जात नाही. कंपनीत शेअर जितके, तितकी मते; सहकारात मात्र, इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या विणकरांनी १८४४ साली घालून दिलेल्या धड्यानुसार आणि आपल्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या २७ व्या कलमानुसार, माणशी एक मत. एका भागाचा धनी आणि हजार भागांचा धनी मतपेटीपुढे सारखेच. याच अर्थाने संस्था हे एक लहानसे लोकराज्य आहे. परंतु दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. कारभार पटेनासा झाला तर कंपनीचा भागधारक दुसऱ्या दिवशी बाजारात शेअर विकून मोकळा होतो. पतसंस्थेच्या किंवा कारखान्याच्या सभासदाला तो बाजारच नाही. त्याचा भाग त्याच्या दर्शनी किमतीला चिकटलेला, आणि ऊस किंवा कर्ज यांच्या निमित्ताने तो स्वतः संस्थेला चिकटलेला. नागरी बँकेत तर एके काळी बिनतारण कर्जाला पाच टक्के आणि तारणी कर्जाला अडीच टक्के इतके भाग घेण्याचा सरसकट नियम असल्याने अनेकांच्या गळ्यात मालकी नकळतच पडली. निघून जाण्याची वाट अशी बंद असल्यावर उरते ती एकच गोष्ट, बोलणे. बोलता आले नाही, तर भागदाखला हा केवळ देवघराच्या कपाटातला कागद ठरतो.

१९१० साली नगर शहरात नगर अर्बन बँक स्थापन झाली, आणि त्याच वर्षी मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र सुरू केले, जे त्यांनी पुढे नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून १९६७ पर्यंत चालविले. हिस्सा आणि वाणी या दोन्हींनी एकाच साली जन्म घ्यावा, हा योगायोग असेल. मला तो बोलका वाटतो. खेड्यात छापखाना चालवून सावकार आणि भटशाही या दोघांनाही जाब विचारणाऱ्या त्या सत्यशोधकाला ‘नंतर ऑफिसात बसून बोलू’ असे सांगण्याची कोणाची छाती झाली असती? उलट, त्या पत्राच्या जोडीने जन्मलेल्या नगर अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि पुरेसे भांडवल व उत्पन्नाची आशा उरली नाही म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा परवानाच रद्द केला. ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे छत्र असते. सभासदाच्या भागाला कसलाच विमा नसतो.

संचालकांची बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. सभेत प्रश्न विचारायला येणारे पुष्कळदा पुढच्या निवडणुकीचे उमेदवार असतात, हिशेबापेक्षा गोंधळाचीच त्यांना आवड असते, आणि खुर्च्या भिरकावल्या गेलेल्या सभाही या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. पण दंगा करणाऱ्याला आवर घालण्याचा उपाय गुरुजींच्या हातातील माइक काढून घेणे हा नव्हे. शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही हे दिसले, म्हणजेच ओरडणाऱ्याच्या मागे माणसे उभी राहतात.

कायदा सभासदाला अगदीच निराधार ठेवीत नाही. ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क १९ व्या अनुच्छेदात, भाषणस्वातंत्र्याच्या शेजारीच, नेऊन बसविला. माहिती अधिकाराचा कायदा मात्र अशा संस्थांना सरसकट लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळातील एका प्रकरणात दिला. त्यामुळे सहकारी संस्था अधिनियमातील ३२ व्या कलमाने दप्तर पाहण्याचा जो मर्यादित अधिकार दिला आहे तो, आणि वर्षातून एकदा भरणारी ती सभा, एवढीच काय ती आपली शिदोरी. ती ‘मंजूर’च्या गजरात सांडू देण्याइतके आपण श्रीमंत नाही.

म्हणून या वर्षी एवढेच करावे. अहवाल हाती आला की ताळेबंद, थकबाकी आणि तरतुदी यांची पाने आधी वाचावीत, मागील इतिवृत्त वाचावे, जो प्रश्न पडेल तो सभेच्या आठ दिवस आधी लेखी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी, आणि उत्तरासह तो इतिवृत्तात नोंदविला जावा असा आग्रह धरावा. मी यंदा गुरुजींचाच प्रश्न लेखी देणार आहे. वाचकांनीही आपापल्या संस्थेत एकेक द्यावा.