वैमानिकाचे जॅकेट, ज्येष्ठांचे खांदे

परदेशातील मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या ज्येष्ठांना वैमानिकी धाटणीचे चामडी जॅकेट हौसेने भेट दिले जाते. ते निवडताना रुबाबाआधी वजन व हालचाल पाहावी.

ही जॅकेटे मूळची विमानाच्या थंडगार कक्षात बसून राहणाऱ्यांसाठी. लोकरीसह कमावलेल्या मेंढीच्या कातड्याचे जॅकेट अत्यंत उबदार, पण जड व फुगीर असते. ते शून्याखालील कोरड्या थंडीसाठीच ठेवावे. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने १९३१ साली स्वीकारलेल्या 'ए-२' धर्तीचे साधे चामडी जॅकेट वारा अडवते. ऊब आतल्या लोकरी स्वेटरची. रोजच्या वापरास तेच बरे.

दुकानात स्वेटरवर घालून पाहावे. दोन्ही हात सहज वर जावेत, संधिवाताच्या बोटांनाही चेन उघडता यावी. खांदे ओढले जात असतील तर ते घेऊ नये.

वार्धक्यात थंडीची जाणीव आणि कापरे दोन्ही मंदावतात. म्हणून 'मला थंडी नाही' या शब्दांवर न विसंबता शुश्रूषा करणाऱ्याने कपड्यांखाली पोटाला हात लावून पाहावा. पोट गार लागले, बोलणे अडखळले वा गुंगी आली, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसखाली जाणे जिवावर बेतू शकते.