वय एका रात्रीत वाढत नाही

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. संध्याकाळी दवाखाना आटोपून घरी आलो, तर आई पदर खोचून दारात उभी. म्हणाली, "गाय अजून आली नाही रे. जरा बघून ये." आमच्या घरी गाय कधीच नव्हती. गाय होती ती तिच्या माहेरी, गुहागरला, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी! रात्री तर तिने सुनेलाच विचारले, "तू कोणाकडची गं?"

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मी तीस वर्षे डॉक्टरकी करतो आहे. पण खरे सांगायचे तर माझ्याही मनात पहिला विचार आला तो हाच, की आता वय झाले, हे असेच चालायचे. पत्नीने मात्र मला जागे केले. "अहो, परवापर्यंत दूधवाल्याचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. दोन दिवसांत कुणी एवढं म्हातारं होतं का?"

सकाळी रक्त तपासले. सोडियम, म्हणजे रक्तातील मिठाचा अंश, १३५ ते १४५ असायला हवा. तो ११८ वर आला होता. आईला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. कोणीतरी सांगितले म्हणून तिने जेवणातले मीठ जवळजवळ बंद केले होते. उन्हाळ्यामुळे जेवण कमी आणि पाणी मात्र तांब्यावर तांब्या. रुग्णालयात गोळी बंद केली आणि सोडियम बेताबेताने वाढवले. ते घाईने वाढवले तर मेंदूला इजा होते, म्हणून हा उपाय घरी मीठ-पाणी पाजून करायचा नाही. पाचव्या दिवशी तिने विचारले, "दूधवाल्याचे पैसे दिलेत का?" माझा जीव भांड्यात पडला.

या अवस्थेला वैद्यकीय भाषेत 'डेलिरियम' म्हणतात. आपली जुनी माणसे तापात बरळणाऱ्याला 'वात झाला' म्हणत, ते हेच. विसरभोळेपणाचा आजार महिनोन् महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. डेलिरियम तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो. सकाळी माणूस बरा असतो, दिवेलागणीला बिघडतो. लक्ष एका जागी टिकत नाही. शनिवारपासून उलटे वार म्हणायला सांगा, मध्येच धागा सुटतो. सगळेच बडबड करतात असेही नाही. काही जण नुसते गप्प, गुंगीत पडून राहतात. घरच्यांना वाटते, बरे झाले, झोप लागली. हा प्रकार जास्त फसवा. आधीच विसरभोळेपणा असलेल्या माणसाची अवस्था एकाएकी बिघडली, तरी हाच संशय घ्यावा.

कारणे पुष्कळ आहेत. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग हे नेहमीचे कारण, आणि म्हातारपणी त्यात ताप येईलच असे नाही. मधुमेहाची गोळी घेतली आणि एकादशी म्हणून जेवण टाळले, तर साखर उतरते. लघवी तुंबणे, अनेक दिवस शौचाला न होणे, अंगातले पाणी कमी होणे यांनीही माणूस भ्रमतो. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेसाठी दुकानातून आणलेल्या काही साध्या गोळ्यासुद्धा वृद्धांच्या डोक्यावर परिणाम करतात. रोज दारू घेणाऱ्याची ती एकदम सुटली तरी असे होते. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली की काही दिवस हा त्रास अनेकांना होतो. आणि तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून डोक्याला लागलेला 'किरकोळ' मार आत हळूहळू रक्त साठवत असतो, हेही विसरू नये.

माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे: 'वयोमानानुसार'. घरचे तो म्हणतात आणि स्वस्थ बसतात. शेजारचे 'बाहेरचे काही' म्हणून अंगारा आणतात. आणि आम्ही डॉक्टर मंडळीही कधी कधी झोपेचे औषध लिहून मोकळे होतो. त्याने बडबड थांबते, मूळ आजार आत वाढत राहतो. साखर, लघवी, सोडियम या तपासण्या आता तालुक्याच्या गावीही होतात. त्या करा असे सांगण्यात डॉक्टरांना आणि तशी मागणी करण्यात नातेवाइकांना संकोच कशाला?

वाचकहो, असा प्रसंग आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चालू गोळ्यांची सगळी पिशवी बरोबर न्या आणि हे कधीपासून सुरू झाले ते नेमके सांगा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे जड झाले, तर तो अर्धांगाचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येते, तेव्हा लगेच १०८ ला फोन करा. घरी वाद घालू नका, हातपाय बांधू नका. चष्मा, कानाचे यंत्र जागेवर आहे ना ते पाहा. रात्री मंद दिवा ठेवा आणि ओळखीचे माणूस जवळ बसू द्या. सर्वांनाच पाच दिवसांत बरे वाटते असे नाही. काहींना आठवडे लागतात, काही पूर्ववत होतही नाहीत. म्हणूनच वेळ दवडू नये.

आईला त्या दिवसांतले काहीही आठवत नाही. गायीचे सांगितले की हसते आणि म्हणते, "होती खरी आमची कपिला. पण ती आपली आपण घरी यायची, तिला कुणी बघायला जावं लागत नसे."