मोडीच्या भावाने

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघरी एक खटला उभा राहतो. आरोपी म्हणजे माळ्यावरची जुनी भांडीकुंडी, न्यायाधीश घरची गृहिणी, आणि शिक्षा बहुधा ठरलेली: मोड! मोडवाल्याच्या तागडीत पणजोबांचा पानाचा डबा आणि परवाची गळकी बादली शेजारी शेजारी बसतात. तागडीला वजन कळते, वंशावळ कळत नाही.

गृहिणीला दोष देण्याचा माझा मुळीच विचार नाही. दोन खोल्यांच्या जागेत माणसांनीच अंग चोरून राहायचे, तिथे घंगाळाने आणि पाण्याच्या बंबाने पाय पसरावेत तरी कुठे? शिवाय पितळ घासायला लागणारी चिंच आणि मनगटातली ताकद तिचीच खर्ची पडते. जुन्या वस्तूंवर व्याख्याने देणारे आम्ही पुरुष त्या वेळी वर्तमानपत्र वाचत असतो!

पण या मोडीच्या व्यवहारात एका पुरुषाने आयुष्यभर आडवा हात घातला, त्याची आठवण दर दिवाळीला होते. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६ चा. व्यवसाय चष्म्यांचा आणि नाद कवितेचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचे वेड लागले, ते १९९० साली डोळे मिटेपर्यंत सुटले नाही. गावोगाव हिंडावे, पडक्या वाड्यांत डोकवावे, घासाघीस करावी आणि पदरमोड करून एखादा दिवा, एखादे कुलूप घरी आणावे. या खटाटोपात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्याच नावाने हा संग्रह उभा राहिला आणि १९७५ मध्ये केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत आहे ते हेच राजा दिनकर केळकर संग्रहालय.

तिथे तलवारी आहेत, वाद्ये आहेत, कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानीचा महालही आहे. पाहुणे बहुतेक तिकडेच धावतात. माझे पाय मात्र अडकतात ते अडकित्त्यांपाशी. सुपारी कातरायला दोन दांडे आणि एक पाते पुरे. पण आमच्या कारागिरांचे तेवढ्याने समाधान होत नसे. कुणी अडकित्त्याचा पोपट केला, कुणी घोडा, तर कुणी स्त्री-पुरुषाची जोडी. पलीकडे समया, लामणदिवे, कुंकवाचे करंडे, दौती, फण्या, शेवयांचे सोरे. वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत म्हणतात, आणि त्यांतली बरीचशी कुणा ना कुणाच्या रोजच्या हाताखालची. राजाने काय जिंकले, याची नोंद बखरकारांनी ठेवली. राणीने किंवा तिच्या दासीने टाच कशाने घासली, याची नोंद कुणी ठेवायची? ती या कवीने ठेवली.

टाच घासायची ती वजरी. खालची बाजू खरखरीत, वर धरायला पितळेचा मोर नाहीतर हत्ती. काही वजऱ्यांच्या पोटात खडे असतात, घासताना नाजूक खुळखुळ वाजावी म्हणून. मागे एकदा तिथे गेलो असताना एक आजी नातीला घेऊन नेमक्या त्याच कपाटासमोर उभ्या होत्या. नात पाटी वाचून मोकळी झाली होती. वस्तूचे नाव, धातू आणि शतक, संपले!

“आजी, हे खेळणं ना?”

“खेळणं कसलं बाई! पहाटे उठायचं, दळायचं, पाणी भरायचं, शेणानं सारवायचं. पायांना ह्या अशा भेगा पडायच्या. न्हाणीत दगडावर बसून घासलं की जरा बरं वाटायचं. आमच्या घरी होती ती साधी, खापराची. असा मोर कुठला आमच्या नशिबी!”

नातीने मोराकडे पाहिले, मग आजीच्या पायांकडे. मीही पाहिले आणि थोडा ओशाळलो. इतका वेळ मी मोराचेच कौतुक करीत होतो. त्या मोराखाली एक दुखरी टाच होती, हे पाटीवर लिहिलेले नव्हते. ते फक्त त्या आजींना ठाऊक होते.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. वस्तू काचेमागे शंभर वर्षे टिकेल, पण ती कशी वापरायची, हे सांगणारे माणूस तेवढे टिकत नाही. करंड्यात कुंकवाशेजारी एक लहानसा कप्पा असतो. तो मेणाचा. आधी कपाळाला मेण, त्यावर कुंकू, म्हणजे ते गळत नाही. हे ज्या घरात कुणाला आठवत नाही, त्या घरात करंडा असला काय आणि नसला काय, तो मुकाच. मापांचेही तेच. १९५७ मध्ये नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि शेर-पायली हळूहळू माळ्यावर गेल्या. आजही आपण ‘पायलीचे पन्नास’ म्हणून एखाद्याची किंमत करतो. पण पायलीत किती शेर मावतात, हे घरातल्या मुलांना विचारून पाहा! (चार, वाचकहो. विचारण्यापूर्वी आपल्याला ठाऊक असलेले बरे.)

प्रत्येकाने घराचे संग्रहालय करावे, असे माझे म्हणणे नाही. केळकरांसारखे वेड एखाद्यालाच पेलते आणि त्याच्या बायकोलाही पेलावे लागते. जुने ते सारे सोने, असेही नाही. जात्याची घरघर ऐकायला गोड, पण ते ओढणारे खांदे कुणाचे होते, हे त्या आजींना विचारावे. पिठाची गिरणी आली हे चांगलेच झाले.

माझी विनंती एवढीच, की शिक्षा सुनावण्यापूर्वी साक्ष घ्यावी. यंदा फराळाची ताटे उचलली की माळ्यावरच्या चार वस्तू खाली काढा आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसापुढे ठेवा. हे काय, कुणाचे, कशासाठी, कुठून आले, एवढे विचारा आणि सांगतील ते नातवंडांच्या हाताने वहीत उतरवून घ्या. गोष्टी लांबतील, मध्येच भलत्याच काकूंची भानगड निघेल, निघू द्या. खाली तारीख घालायला विसरू नका.

मग ती वस्तू ठेवायची की मोडीत द्यायची, हे न्यायाधीशीणबाईंनी खुशाल ठरवावे. पितळेचा भाव आज आहे, उद्याही असेल. साक्षीदार मात्र दर दिवाळीला एखादा कमी होत असतो.