जात्यावरची डीजे

डीजे म्हणजे वरातीपुढे कानठळ्या बसवणारी पेट्यांची भिंत, अशी आमची पक्की समजूत होती. दिवाळीला परभणीस गेलो तेव्हा पुतणीने ती मोडली.

भाऊबीजेची दुपार. फराळ अंगावर येऊन डोळा लागतो न लागतो, तोच माडीवर ढोलांचा भडिमार सुरू झाला.

“अगं, हे काय?”

“काका, लिक्विड ड्रम अँड बेस. एक गायिकाच डीजे आहे. ढोल सोडा, आवाज ऐका.”

आमटी पातळ असते हे ठाऊक होते. ढोलही पातळ असतात हे नवीनच! पण बसलो. ढोलाचे मिनिटाला १७०च्या वर ठोके. खालचा खर्ज मात्र निम्म्या चालीने, आणि गळा त्याहून निवांत. ठुमरीच्या अखेरीस तबलजी लग्गी धरतो नि गाणारी आपल्या जागी शांत असते, तसेच काहीसे.

पुतणीने मग कुळकथा सांगितली. अमेरिकेतल्या ‘विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाच्या १९६९च्या एका रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमनने सहाएक सेकंद ड्रम वाजवला. पुढे लंडनच्या पोरांनी तो तुकडा उचलून त्यावर ही चाल उभी केली. हजारो गाण्यांत तो वाजला. कोलमन २००६ साली वारला, पण पदरी त्याचा पैसाही पडला नाही. १९९४ साली ‘इनर सिटी लाइफ’ गायली डायन शार्लमेनने. तबकडीवर नाव गाजले गोल्डीचे. म्हणून गाणारीने स्वतःच यंत्रापुढे उभे राहायचे, यात गंमत आहे!

आमची आई दाराशी येऊन ऐकत होती. ती गंगाखेडची.

“जात्यावर असंच असतंय,” ती म्हणाली. “खाली घरघर, हात थांबत न्हाई. वर ओवी आपल्या सवडीनं. फेर बी आपलाच, गळा बी आपलाच. पन दळण सरलं की ओवी गेली. कोनाची, ते कोन पुसतंय?”

आम्ही गप्प झालो. आमच्या आजीच्या ओव्या अशाच गेल्या. एकही कोणाला येत नाही.

तिच्याच गंगाखेडच्या जनाबाईने सातशे वर्षांपूर्वी दळता-कांडता अभंग रचले, आणि शेवटी स्वतःचे नाव गुंफले. म्हणून ते आज तिचे आहेत. परभणी जिल्ह्यातल्याच ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या १९९०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या. त्याही नावानिशी राहिल्या. बाकीच्या घरोघरच्या गळ्यांचे काय?

पुतणीने ढोल बंद केले, फोन आजीपुढे धरला.

आईने पदर सावरला. घसा खाकरला. मग थबकून विचारले,

“माझं नाव घालशील न्हवं?”