अणूचं ढोर कोण ओढणार?

आपल्यातलीच काही शिकलेली पोरं हल्ली म्हणतात, अणुवीज म्हणजे विज्ञान, आणि विज्ञानाला विरोध म्हणजे बाबासाहेबांना विरोध. दोस्तांनो, हे बोलणं जरा तपासून घेऊ.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. विजेचं कामही त्यांच्याकडंच होतं. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या हाताखाली आकाराला आली. वीज स्वस्त पाहिजे, कारखाने चालले पाहिजेत, म्हणजे भूमिहीनाचा पाय गावगाड्यातून निघेल, हे त्यांचं गणित. मला ते पटतं. मी सूतगिरणीत साच्यावर उभा असतो. वीज गेली की साचा थांबतो. जतच्या माळावर म्हैसाळचं पाणी चढतं तेही विजेच्या पंपावर. तेव्हा कंदिलाच्या उजेडाचे गोडवे मला कुणी सांगू नयेत.

पण विजेचं बिल दोन ठिकाणी येतं. एक मीटरवर. दुसरं, ज्याला कुणी विचारलंच नाही त्याच्या अंगावर.

सातारकरांना हे नवं नाही. कोयना बांधली, शंभराच्या आसपास गावं शिवसागरानं गिळली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर पाडलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं मेली. अर्धशतक उलटल्यावर, 2018 सालीही धरणग्रस्त जमिनीसाठी ठिय्या मारून बसले. सातबारा असणाऱ्यांची ही गत. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्याचं नुकसान कोणी मोजलं?

आणि ती तर पाण्याची वीज. अणूची वीज महाराष्ट्रात 1969 पासून तारापूरला होते. तिथं 3 आणि 4 नंबरच्या भट्ट्या बांधताना अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. या भट्ट्यांत देशातलंच युरेनियम जळतं. ते कुठून येतं, एकदा नकाशात बघा. झारखंडात जादुगुडा. 1967 पासून तिथं सरकारी कंपनी खाण चालवते. भोवती संथाळ आणि हो आदिवासींची गावं. एक टन खडक फोडला तर किलोभरही युरेनियम हाती लागत नाही. बाकीचा खडक दळून, रसायनात धुऊन, चिखल करून गावाशेजारच्या तळ्यात सोडतात. खडकातल्या किरणोत्साराचे पाचात चार हिस्से त्या चिखलातच राहतात. त्यातलं रेडियम निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. 2006 च्या डिसेंबरात चिखल वाहणारा पाइप फुटला, चिखल ओढ्यात गेला. कंपनी म्हणते, सगळं मर्यादेत आहे. गावातल्या बाया पडलेले गर्भ आणि व्यंग घेऊन जन्मलेली लेकरं मोजून सांगतात. मोजणारे मात्र वर्षानुवर्षं अणुखात्याचेच. तराजू त्यांचा, मापं त्यांची.

हे ओळखीचं वाटत नाही का? दूध गावानं प्यायचं आणि ढोर मेलं की आपल्या आज्यानं ओढायचं. वर घाण कोण, तर आपणच! अणूचं दूध शहराला, अणूचं ढोर आदिवासीच्या दारात. आणि हे ढोर हजारो वर्षं कुजणार.

वरून नाव कुणाचं? 1974 ला पोखरणचा स्फोट केला, त्याला बुद्धाचं हसू चिकटवलं. 1998 ला पुन्हा स्फोट, तो नेमका बुद्धपौर्णिमेला. 2025 च्या डिसेंबरात अणुवीज खासगी कंपन्यांना खुली करणारा कायदा केला, त्याचं नाव शांती! ज्यानं सगळ्या प्राण्यांवर करुणा सांगितली, त्याचं नाव घ्यायला यांची जीभ कचरत कशी नाही?

कुणी म्हणेल, कोळसा काय चांगला? नाही. कोळशाची राखही गरिबाच्याच छपरावर पडते. अणुभट्टीतून तसला धूर निघत नाही, हेही खरं. पण आज देशाच्या विजेत अणूचा वाटा शंभरात तीनच्या आसपास आहे. सरकारला 2047 पर्यंत एक लाख मेगावॅट पाहिजेत, आज दहा हजारही नाहीत. म्हणजे युरेनियमची भूक वाढणार. सोलापूरपलीकडं यादगीर जिल्ह्यात गोगीला युरेनियम सापडलंय. तेलंगणात नल्लमलाच्या जंगलात चेंचू आदिवासींसह लोक उठले, तेव्हा 2019 ला तिथल्या विधानसभेला खाणीविरुद्ध ठराव करावा लागला. लोक उठले की सरकारलाही ऐकावं लागतं.

म्हणून मागण्या साध्या ठेवू. जादुगुड्याचं पाणी, माती आणि रक्त अणुखात्याबाहेरच्या माणसांनी तपासावं आणि आकडे गावाच्या भाषेत चावडीवर लावावेत. ग्रामसभेनं हो म्हटल्याशिवाय एकही नवी खाण नको. खाणीत राबून आजारी पडलेल्याचा जन्मभराचा खर्च खाणीनं करावा. आणि हाच नियम वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांनाही लावा: जमीन कुणाची, भाव किती, वीज कुणाच्या घरात?

महाडनंतर आपल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. तो टाकलेला दोर आता दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडत असेल आणि आपण विज्ञान विज्ञान म्हणत टाळ्या वाजवणार असू, तर महाडला आपण कशाला गेलो होतो?

जयभीम.